मांडीवरचे डेस्क

आमच्या घराण्यातला पहिला लॅपटॉप माझ्या आजोबांकडे होता. हे मी कुणाला सांगितले की समोरचा माणूस हळूच माझ्या बायकोकडे पाहतो आणि ती मान हलवून 'चालायचंच' अशी खूण करते. कारण आजोबा सांगलीला हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते आणि १९७४ साली वारले. जन्मात त्यांनी कधी कॅलक्युलेटरसुद्धा पाहिला नाही. पावकी, निमकी, अडीचकी तोंडपाठ असलेल्या माणसाला तो दाखवायची कुणाची छातीही झाली नसती.

पण मी खोटे बोलत नाही. आजोबांचे ते डेस्क अजून माझ्या घरात आहे. सागवानी, बुटके, उतरत्या झाकणाचे. मांडी घालून बसले की बरोबर गुडघ्यांवर येई. झाकण मिटलेले असले की त्यावर रोजकीर्द लिहायची. उघडले की आत दौत, टाक, टीपकागद, अडकित्ता आणि खतावणीच्या खाली, अगदी तळाशी, पत्त्यांचा एक जुना जोड. दुपारी शेठजी आतल्या खोलीत आडवे झाले की आजोबा झाकण अर्धे उचलून आतल्या आत पेशन्स लावत. आतून खोकल्याचा आवाज आला की झाकण मिटे आणि वर खतावणी! मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. सुट्टीत पेढीवर जाऊन बसायचो. माझे काम एवढेच की शेठजींचा खोकला खरा आहे की झोपेतला, हे दारातून पाहून यायचे.

आता मला सांगा, मांडीवर बसते, मिटते, उघडते, त्यावर काम होते आणि चोरून पत्तेही खेळता येतात, त्याला लॅपटॉप नाही तर काय म्हणायचे? शिवाय त्या झाकणाला दोन पितळी बिजागऱ्या आहेत. पेढीवरच्या हळदीने डेस्क आतून अजून पिवळे आहे, पण बिजागऱ्या कुरकुरतसुद्धा नाहीत.

बिजागरीचे एवढे कौतुक करण्याचे कारण म्हणजे माझ्या लॅपटॉपची मोडली.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी पतसंस्थांचे, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल इंग्रजीतून मराठीत करून देतो. पैसे फार मिळत नाहीत, पण सकाळी अंघोळ करून शर्ट घालून बसायला एक निमित्त लागते. तर एका सकाळी मी नेहमीप्रमाणे झाकण उघडले आणि कडकन आवाज झाला. पडदा मान टाकलेल्या कोंबडीसारखा मागे पडला. चित्र दिसत होते, पण मान उभी राहीना. मी मागे लोणच्याची बरणी ठेवून पडदा टेकवला. दोन दिवसांनी ही म्हणाली, "अहो, बरणी द्या. कैऱ्या आल्यात." मग बरणीच्या जागी शब्दकोशाचे दोन जाडजूड खंड आले. तीस वर्षांत त्यांचा इतका सलग उपयोग प्रथमच झाला.

हे सगळे हसण्यावारी नेता आले असते. पण त्याच सुमारास माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते आणि डावा रांगेत होता. चौदा इंची पडद्यावर डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे मराठी अशी दोन पाने मांडली की दोन्हीकडे मुंग्या दिसत. म्हणून मी एकेक पान पाहू लागलो. इंग्रजी वाचायचे, लक्षात ठेवायचे, पान बदलायचे, मराठी लिहायचे. आणि त्या ये-जा करण्यात एका पतसंस्थेच्या थकबाकीतले लाख माझ्या हातून कोटी झाले. छापण्याआधी सापडले म्हणून बरे. चिटणीस सज्जन माणूस. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "काका, आता जरा विश्रांती घ्या की." रागावले असते तर मी दोन दिवस जेवलो असतो. बेचाळीस वर्षे आकडे लिहिले, त्यात हा पहिला. आजोबांच्या खतावणीत तर खाडाखोडसुद्धा नव्हती. त्या रात्री मी ठरवले, मोठ्या पडद्याचा, टिकाऊ लॅपटॉप घ्यायचा.

"आणि गेम चालेल असा," मी जरा हळू आवाजात पुढे जोडले.

"गेम?" हिने वळून पाहिले.

गेमचे असे आहे. माझा नातू बंगलोरला असतो. वय दहा. फोनवर तो माझ्याशी साडेतीन मिनिटे बोलतो. त्यातली दीड मिनिटे 'हं' असतात. पण रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे आपापल्या घरी बसून मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ खेळतो, तेव्हा हा मुलगा तासभर अखंड बोलतो. शाळेत कोण रडले, बाईंनी कुणाला उभे केले, सगळे. माझा लॅपटॉप मात्र चढणीला लागलेल्या एसटीसारखा घरघरे आणि ऐन वळणावर चित्र थिजे. "आबा, तू अडकलास," असे तो म्हणे. पहिल्यांदा हसून, मग नुसतेच. दोन रविवारी तर "आज नको, होमवर्क आहे," असा निरोप आला. दहा वर्षांचे पोर रविवारी संध्याकाळी होमवर्क करते यावर विश्वास ठेवायला मी काही चिटणीस नव्हे.

तर शोध सुरू झाला. मला एक खोड आहे. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटले की मी आधी तिचा इतिहास वाचतो. प्रेशर कुकर घेताना मी सतराव्या शतकातल्या पापँपर्यंत गेलो होतो. तोवर ऑफर संपली.

लॅपटॉपची कल्पना मुळात निघाली ती मुलांसाठी. ॲलन के नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९७२ साली 'डायनाबुक' नावाच्या वहीएवढ्या संगणकावर एक निबंध लिहिला. तसा संगणक तेव्हा तयार होणे शक्यच नव्हते. निबंधाचे नाव मोठे गोड आहे, सर्व वयांच्या मुलांसाठी वैयक्तिक संगणक. आणि त्याच्या सुरुवातीला दोन मुले हिरवळीवर आडवी पडून आपापल्या डायनाबुकवर अवकाशयुद्धाचा खेळ खेळत आहेत! हे वाचल्यावर मी निबंध हिला दाखवला. म्हटले, बघ, आधी खेळ होता, ऑफिस मागून आले. 'सर्व वयांच्या' या शब्दांवर बोटही ठेवले. तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि वाटाणे सोलायला घेतले.

पण माझे मन रमले ते ॲडम ऑस्बर्नमध्ये. हा १९३९ साली बँकॉकला जन्मला आणि लहानपणी वाढला कुठे, तर तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला! त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न रमण महर्षींचे भक्त, त्यांच्यावर पुस्तके लिहिणारे. बाप अरुणाचलाच्या पायथ्याशी 'मी कोण?' याचा शोध घेतोय आणि मुलगा पुढे अमेरिकेत जाऊन १९८१ साली ऑस्बर्न-१ हा उचलून नेण्याजोगा संगणक विकतोय. वजन सुमारे ११ किलो. आकार शिवणयंत्राच्या पेटीएवढा. पडदा ५ इंच! एका ओळीत ५२ अक्षरे मावत. पुढचे वाचायचे तर चित्र बाजूला सरकवायचे. आत बॅटरी नव्हती, म्हणजे उचलून न्यायचा तो एका भिंतीच्या प्लगपासून दुसऱ्या भिंतीच्या प्लगपर्यंत. किंमत १७९५ डॉलर आणि त्यात लिहिण्याचे, हिशेबाचे प्रोग्रॅम फुकट. लोक तुटून पडले. भर बहरात महिन्याला दहा हजार यंत्रे जात.

आणि मग गडी बोलून बसला. पुढचे मॉडेल याहून झकास येणार, असे त्याने आधीच सांगून टाकले. गिऱ्हाईक म्हणाले, मग थांबतो. जुना माल पडून, नवा तयार नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीचे दिवाळे. काही जाणकार म्हणतात की कारणे आणखीही होती, आणि ती असणारच. कुठलीही पेढी नुसत्या एका वाक्याने बुडत नाही. पण व्यापारशास्त्रात या प्रकाराला ऑस्बर्नचेच नाव चिकटले. पुढे आजारपणात ऑस्बर्न भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनालला वारला. डोंगराच्या पायथ्यापासून निघून डोंगरमाथ्यावर. मध्ये ती अकरा किलोची पेटी.

ऑस्बर्नचा मला वैयक्तिक उपद्रव असा झाला की आमच्या शेजारचा मंदार त्याचा अवतार निघाला. हा मुलगा संगणकातला तज्ज्ञ. मी काहीही पसंत केले की म्हणे, "काका, घेऊ नका. पुढच्या तीन महिन्यांत नवी चिप येतेय." दिवाळी गेली, संक्रांत गेली. चिपा येत राहिल्या आणि मी शब्दकोशाला टेकलेला. शेवटी हीच म्हणाली, "मंदारला विचारून लग्न केलं असतंत तर अजून थांबला असतात."

बाकीचा इतिहास भराभर सांगतो. १९८२ साली ह्यूस्टनमध्ये तिघा मित्रांनी पायच्या दुकानात, ताटाखालच्या कागदावर एका यंत्राचे चित्र काढले. त्यातून कॉम्पॅक निघाली. यंत्राचे वजन साडेबारा किलोंच्या घरात, तरी पहिल्याच वर्षात ५३,००० खपली. त्याच वर्षी ग्रिड कंपास आला. आज आपण ज्याला लॅपटॉप म्हणतो तो खरा हा. बिल मॉग्रिजने त्याला शिंपल्यासारखा मिटणारा केला, कवच मॅग्नेशियमचे, किंमत ८१५० डॉलर. इतक्या किमतीला घेणार कोण? सरकार! १९८३ साली तो अवकाशयानातून वर गेला. म्हणजे झाकण, बिजागरी आणि पट्ट्या अशी आजोबांच्या डेस्कची रचना जगाने १९८२ मध्ये उचलली आणि पुढच्याच वर्षी अंतराळात पाठवली. पेढीवर कुणाला कळवलेसुद्धा नाही.

तरी १९९१ पर्यंत मनगटे कुठे टेकायची याचा विचार फारसा कुणी केला नव्हता. त्या साली ॲपलने पॉवरबुकमध्ये कळपट्टी मागे सरकवून पुढे ओटा सोडला. तोवर सगळे पियानो वाजवल्यासारखे हात अधांतरी धरून टंकत. पुढच्या वर्षी आयबीएमचा काळा थिंकपॅड आला, १०.४ इंची रंगीत पडद्याचा. तेव्हा तो 'भव्य' म्हणून गाजला. १७ इंचांची मजल २००३ साली गाठली. मग लोकांना चेव आला. २०१७ साली एसरने तर २१ इंचांचा, वाकड्या पडद्याचा आणि साडेआठ किलोंचा लॅपटॉप काढला. त्याला मांडीवरचा म्हणायचे म्हणजे म्हशीला मांडीवर घेण्यासारखे होते.

इंचांवरून आठवले. शहरातल्या एका मोठ्या दुकानात मी हिच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन गेलो. विकणारा मुलगा गोंडस हसून म्हणाला, "सर, हा सिक्स्टीन, तो सेव्हन्टीन पॉइंट थ्री. मोठा म्हणजे मोठाच." मी टेप लावली. पडद्याचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके मोजतात. उभे-आडवे कुणी सांगत नाही. १७.३ इंची पडदा १६:९ या प्रमाणातला होता. रुंदी ३८.३ सेंटिमीटर, उंची २१.५. सोळा इंची १६:१० या प्रमाणातला, रुंदी ३४.५, आणि उंची? तीही २१.५! मुलाने स्वतः पुन्हा मोजले. मग मॅनेजरला बोलावले. त्यानेही मोजले. थोडा वेळ त्या दुकानात कापडाच्या दुकानासारखे वातावरण झाले. एकच पान वरून खाली वाचणाऱ्याला हे दोन्ही पडदे सारखेच; सोळा इंची उलट हलका. पण मला दोन पाने शेजारी शेजारी हवी होती आणि तिथे ते चार सेंटिमीटर म्हणजे लाख आणि कोटी यांच्यामधले अंतर होते. सोळा इंचीवर ठिपके बारीक, अक्षर रेखीव, हे खरे. पण रेखीव मुंग्या घेऊन मी काय करू? आणखी एक पाहिले, पडद्याला चकाकी नको. चकचकीत पडद्यात मागची खिडकी दिसते, आणि खिडकीत मंदार.

टिकाऊपणाचा विषय काढला तसा मुलगा छाती फुगवून म्हणाला, "सर, मिलिटरी ग्रेड!" मला वाटले, सियाचीनला जाऊन आला की काय. हे मिल-एसटीडी-८१० म्हणजे अमेरिकन लष्कराचे १९६२ सालापासूनचे परीक्षांचे पुस्तक. उष्णता, थंडी, धूळ, धक्के, कंप, फार काय, बुरशीचीही परीक्षा त्यात आहे. कोकणातल्या माणसाला ती एकच पुरे. पण गोम अशी की यातल्या कुठल्या परीक्षा द्यायच्या हे कंपनी स्वतः ठरवते आणि सरकारचा कुणी प्रमाणपत्र द्यायला येत नाही. पेपरही आपला, तपासणारही आपणच. असा मॅट्रिक झालेला आमच्या आळीत कुणी सापडला नसता.

खरी परीक्षा बिजागरीची. माझा जुना लॅपटॉप दुरुस्तीला नेला तेव्हा तिथल्या पोऱ्याने तो उलगडून दाखवला. बिजागरी शाबूत होती! ती मोडतच नाही हो. तिचे स्क्रू ज्या पितळी बोंडांत बसतात ती बोंडे प्लास्टिकच्या खुंटांत रुतवलेली असतात. बिजागरी घट्ट होत गेली की दर उघडझापीला ते प्लास्टिक फाटत जाते आणि एक दिवस खुंटच उपटून येतो. त्यातून मी सात वर्षे झाकण उजव्या कोपऱ्याला धरून उघडत होतो, म्हणजे सगळा भार एकाच बिजागरीवर. "मधोमध धरायचं, काका," पोऱ्या म्हणाला. आजोबाही हेच म्हणत, "झाकण दोन हातांनी उघड रे." आमच्या पिढीने वडीलधाऱ्यांचे ऐकले नाही ते असे.

म्हणून दुकानात मी प्रत्येक लॅपटॉपचे झाकण मधोमध धरून उघडले, कोपरे दाबून पाहिले, कळपट्टी मधे खचते का ते पाहिले. मुलाला वाटले, मी पाटीतले टोमॅटो निवडतोय. एक कळले ते सांगून ठेवतो. खेळाच्या चित्रांसाठी वेगळी चिप असते. तिचे नाव वाचून भुलू नये. एकाच नावाची चिप एका यंत्रात ६० वॅट खाते, दुसऱ्यात ११५. नाव तेच, खुराक वेगळा. मग धावेल कशी सारखी? माझ्या शर्यतीला मधली पुरे होती. कारण जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता आणि मग पंखा असा ओरडतो की नातवाचे बोलणेच ऐकू येणार नाही. स्मृती १६ जीबी, तीही पुढे वाढवायची सोय असलेली. आणि घरी येऊन दुरुस्त करण्याची तीन वर्षांची हमी. तिचे जादा पैसे मोजताना हात थरथरला, पण लोणच्याची बरणी आठवली.

वजन पावणेतीन किलो. चार्जर वेगळा, आणि तो घरातल्या वरवंट्याच्या वजनाचा. मुलगा म्हणाला, "सर, ट्रॅव्हलला जड जाईल." मी म्हटले, "ट्रॅव्हल बेडरूम ते हॉल."

घरी आणल्यावर हा ठेवायचा कुठे? टेबलावर मान अवघडे. मांडीवर घ्यायचा तर नाव जरी तसे असले तरी अशा यंत्राची खालची हवा कोंडते आणि मांडी भाजते. शेवटी आजोबांचे डेस्क काढले, पुसले. उतरत्या झाकणावरून घसरू नये म्हणून तिथे टाक अडवायची एक लाकडी पट्टी आहेच. तीवर लॅपटॉप असा बसला की जणू मापच घेतले होते. खालून हवा खेळते, पडदा डोळ्यांसमोर येतो. फक्त तापला की सागवानाला ऊब लागते आणि खोलीत हळदीचा वास सुटतो. ही म्हणते, मला भास होतो. होत असेल.

पहिले काम त्याच पतसंस्थेचे मागून घेतले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, दोन्हींतले आकडे एका ओळीत. ८४ पाने. तीनदा तपासली. चिटणिसांनी फोन केला, म्हणाले, "काका, यंदाही पाठवू ना?" मी म्हटले, बघू, जरा कामात आहे.

आणि खेळाचे म्हणाल, तर त्यालाही परंपरा आहे. विंडोजमधला तो पत्त्यांचा सॉलिटेअर, आजोबांचा पेशन्स तो हाच, १९९० साली घराघरांत आला. तो लिहिला वेस चेरी नावाच्या, कंपनीत उमेदवारीला आलेल्या पोराने. मोबदल्याची एक कवडी त्याला मिळाली नाही. पत्त्यांची चित्रे सुझान केअरची. चेरीने त्यात एक खास कळ ठेवली होती. साहेब आला की ती दाबायची, पत्ते जाऊन हिशेबाचा खोटा तक्ता पडद्यावर! कंपनीने ती काढायला लावली. परिणाम व्हायचा तो झालाच. २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग एका सरकारी कचेरीत गेले, एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर दिसला आणि त्याची नोकरी गेली. ती कळ असती तर? निदान दारात सुट्टीला आलेला नातू बसवलेला असता तर?

परवा रविवारी शर्यत लागली. चित्र थिजले नाही, पंखा ओरडला नाही. बाईंनी कुणाला उभे केले, स्नेहसंमेलनात याला झाड केले की दगड, सगळे कळले. तिसऱ्या फेरीत माझी गाडी खड्ड्यात गेली. "आबा, ब्रेक लाव की!" तो ओरडला. "लावलाय रे," मी म्हटले. तेवढ्यात स्वयंपाकघराकडून हिचा खोकला ऐकू आला. खरा की नुसता, हे पाहून यायला दारात कुणी नव्हते. मी घाईघाईने दोन कळा दाबल्या. ही चहा घेऊन आली तेव्हा पडद्यावर पतसंस्थेचा ताळेबंद होता आणि त्यातून आवाज येत होता, "आबा, मागून ट्रक येतोय, पळ!"